गाडी दम खातीया

साताऱ्यात मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या हवालदारांची मोटार कधी बंद पडत नसे. असं ते स्वतः सांगत. ती दम खात असे, विसावा घेत असे, कधी कधी तिचं इंजिन विचार करत असे. एकदा कोरेगावच्या रस्त्यावर ती सकाळपासून दुपारपर्यंत विचार करत उभी होती. शेवटी आम्ही सहा जण तिला मागून ढकलत निघालो. समोरून एक ओळखीचा गाडीवान बैल हाकत आला. त्यानं विचारलं, “काय हवालदार, बंद पडली जणू?” हवालदारांनी आतून मान बाहेर काढली आणि म्हणाले, “बंद कशानं पडती? मानसं सोबतीला आल्याती.”

मी त्यांच्याकडं चार वर्षं राहिलो. एवढ्या काळात ‘गाडी बंद आहे’ असं त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. त्या एका दिवसासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे, पण तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल. त्यांच्या मोटारीचंही तसंच असायचं.

हवालदार पहिल्या लढाईत बसऱ्याला फौजेच्या लॉऱ्या चालवून आले होते. रहिमतपूरकडं त्यांचा ऊस होता, तो धाकटा भाऊ बघायचा. पेन्शन घेतल्यावर यांनी सदर बझारच्या अंगाला घर बांधलं आणि विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून ही मोटार घेतली. उघडी, कापडी छपराची, पुढं दोन मोठे पितळी दिवे. साहेबानं ती चालवत आणून दिली नव्हती, हे मला पुढं काकींकडून कळलं. काकी म्हणजे हवालदारांची बायको. मोटारीला जागा हवी म्हणून गोठ्यातली म्हैस रहिमतपूरला पाठवण्यात आली. काकी ही गोष्ट कधी विसरल्या नाहीत आणि त्यांनी ती विसरूही दिली नाही. “म्हस दूध तरी देत हुती,” असं त्या दिवसातून एकदा, सहसा दुपारच्या चहाच्या वेळी म्हणत.

मला खोली मिळाली ती इंग्रजीमुळं. मी नुकताच हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो होतो आणि खोल्या पाहत हिंडत होतो. हवालदारांनी माझं गाव, जात, पगार काहीच विचारलं नाही. “इंग्रजीत पत्र लिवाय येतंय?” एवढंच विचारलं. येतं म्हटल्यावर म्हणाले, “मग उद्या सामान आना.”

पत्रं मोटारीच्या कंपनीला लिहायची असत. ती कंपनी विलायतेत होती आणि त्या जातीची मोटार काढायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. हवालदार समोर बसून मजकूर सांगत, मी लिहीत असे. एकदा कंपनीचं उत्तर आलं, की आपल्या मोटारीचे सुटे भाग आता आम्ही ठेवत नाही, तरी आपण आमची नवी मोटार घेण्याचा विचार करावा. सोबत नव्या मोटारीचं रंगीत चित्र होतं. हवालदारांनी ते चित्र उलटं करून पाटावर ठेवलं.

“लिवा,” ते म्हणाले. “म्या पार्ट मागितला हुता. दुसरी बायकू दावा म्हनलो न्हवतो.”

आतून काकींचा आवाज आला, “तेवढं पैलं लिवा, मास्तर.”

मी ते जमेल तसं सभ्य इंग्रजीत बसवलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढं दुसरी लढाई सुरू झाली, विलायतेची पार्सलं येईनाशी झाली, आणि हवालदारांना जगात एकच माणूस उरला. तो सांगलीला होता.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. सांगलीत गणपती पेठेच्या मागं एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. आत रांजण मांडलेले असत, आणि एकेका रांजणात एकेका मेलेल्या मोटारीचे अवयव. ज्या गाड्या आता कुणीच बनवत नाही, त्यांचेच भाग आप्पा विकत. नव्या मोटारीचं गिऱ्हाईक आलं तर त्याला दाराबाहेरूनच पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवत. त्यांचे नियम कडक होते. जुना, झिजलेला भाग आधी समोर ठेवायचा, मग नवीन मागायचा. आणि नुसता भाग मागून चालत नसे, गाडीचं सगळं दुखणं सांगावं लागे.

“सकाळी कशी उठते ओ?” आप्पा डोळे मिटून विचारत.

“पैल्या हँडलला न्हाई उठत.”

“खोकते?”

“चढाला.”

“पाणी?”

“लय पिती.”

मग आप्पा उठत, एका रांजणात खांद्यापर्यंत हात घालत आणि न बघता नेमकी वस्तू बाहेर काढत. माझ्या आजवरच्या डॉक्टरांनी मिळून मला एवढे प्रश्न विचारलेले नाहीत.

पाण्याचं खरं होतं. काकी कवठे महांकाळच्या. तिकडं पाऊस पडला तर पडला. त्यांच्या वडलांची मेंढरं होती आणि लहानपणी त्यांनी दोन दोन कोसांवरून पाणी आणलेलं होतं. मोटारीतून कुठं जायचं झालं की मागच्या बैठकीवर त्यांच्या शेजारी पाण्यानं भरलेल्या तीन घागरी असत. प्रत्येक घाट चढून झाला की एक घागर मोटारीला. “आमच्याकडं एवढ्या पान्यात लगीन व्हतंय,” असं काकी म्हणत आणि घागर पुढं करत.

एकदा आम्ही तिघं मोटारीनंच सांगलीला आप्पांकडं निघालो. मोटारीचा भाग आणायला मोटार न्यायची, हा हवालदारांचा हट्ट. दुखणेकऱ्याला वैद्यानं बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. पेठ नाक्याच्या पुढं मोटार दम खायला थांबली ती थांबलीच. शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी पुढं बांधून आम्ही सांगलीत शिरलो. हवालदार स्टिअरिंगवर ताठ बसले होते आणि वळणावर रीतसर भोंगा वाजवत होते. बैलांना त्याची पुढं पुढं सवय झाली. आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी बैलांकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, “ह्या मॉडेलचं सामान माझ्याकडं नाही की ओ.”

त्या दिवशी आप्पांनी मॅग्नेटोचा ब्रश दिला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, आणि त्याचा ब्रश म्हणजे काळ्या कार्बनचा एक बारका दांडा. दिसायला हुबेहूब लवंग. तो जागेवर नसला तर दहा माणसांनी हँडल मारून उपयोग नाही. आप्पा हे ब्रश सुटे विकत नसत. “जोडीनंच घ्या. एक आत, एक खिशात,” हा त्यांचा नियम. तेव्हापासून हवालदारांच्या जाकिटाच्या खिशात ब्रशांची एक पुडी कायम असे. त्याच खिशात जेवणानंतरच्या लवंगाही असत, कारण त्यांना खोकल्याचा त्रास होता. व्हायचं ते झालं. एकदा जेवून उठल्यावर त्यांनी पुडीतला ब्रश तोंडात टाकला आणि अंगणात येरझारा घालत बराच वेळ चघळला. आत आल्यावर म्हणाले, “ह्या खेपंच्या लवंगा फिक्क्या हायत्या.” त्या दिवसापासून लवंगांचा डबा काकींच्या ताब्यात गेला. जेवण झालं की हवालदार हात पुढं करत आणि काकी त्यावर एक लवंग ठेवत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हवालदार मोटारीच्या प्रत्येक सुट्या भागावर कानशीनं दोन खाचा पाडत. सासऱ्यांच्या मेंढरांच्या कानावर तशी खूण असायची, तिथून ती त्यांनी उचलली होती. एकदा पाण्याच्या पंपाचं चक्र झिजलं म्हणून ते आप्पांकडं टाकून आले. वर्ष-दीड वर्षानं कोल्हापूरच्या एका दलालानं त्यांना “खास मुंबईहून मागवलेलं” चक्र आणून दिलं. चकचकीत पॉलिश केलेलं. हवालदारांनी ते उजेडात धरलं, फिरवलं, आणि त्यावर दोन खाचा दिसल्या. मी म्हटलं, आता चिडतील, आता मला पत्र लिहायला बसवतील. पण त्यांचा चेहरा उजळला. “मास्तर,” ते म्हणाले, “घरचं जनावार घरी आलं.” आणि तेच झिजलेलं चक्र त्यांनी पुन्हा बसवलं.

इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारायचं काम हवालदारांचं आणि आत बसायचं काम काकींचं. त्या मोटारीला ठिणगीचा एक दांडा असे. हँडल मारताना तो वर ठेवायचा आणि इंजिन उठलं की बेतानं खाली ओढायचा. चुकलं तर हँडल उलटं फिरून हात मोडतं. एकदा काकी माहेरी असताना हवालदारांनी दांड्यावर मला बसवलं होतं. त्यांचा हात दीड महिना गळ्यात होता. त्यानंतर त्यांनी मला दांड्याला शिवू दिलं नाही. काकी मात्र नऊवारीचा पदर खोचून चालकाच्या जागी बसत, एका हातानं दांडा धरत आणि सरळ समोर बघत राहत. इंजिन लागलं की खाली उतरत, “लागली एकदाची. आता भंगारात घाला,” असं म्हणत आणि स्वयंपाकघरात जात. हे इतक्या वेळा झालं, की ती गाडी सुरू करण्याचीच एक रीत असावी असं मला वाटू लागलं होतं.

लढाईच्या मधल्या वर्षांत पेट्रोल कुपनावर आलं, आणि मग एक दिवस सरकारी कागद आला. खाजगी मोटारी फौजेच्या कामाला घ्यायच्या आहेत. अमुक दिवशी तपासणीला माणूस येईल. गाडी चालू असली तर सरकार ती नेईल, बंद असली तर मालकाकडंच राहील. मी कागद वाचून दाखवला. हवालदारांनी तो दोनदा वाचायला लावला.

आळीला वाटलं, यात अवघड काय आहे? हवालदारांनी दारात उभं राहून “गाडी बंद आहे” एवढंच म्हणायचं. सगळ्या साताऱ्यानं साक्ष दिली असती. समोरचा न्हावी तर हात जोडून म्हणाला, “हवालदार, जल्मात एकदा खरं बोला.”

 हवालदारांनी जुन्या पेटीतून खाकी कपडे काढले, काकींना ते धुवायला दिले, आणि स्वतः गोठ्यात जाऊन मोटारीखाली शिरले. तपासणी म्हणजे परेड. परेडला जायचं तर नीट होऊनच. चार दिवस ते मोटारीखालून फक्त जेवायला बाहेर आले. आणि गंमत अशी, की इतक्या वर्षांत जी गाडी धड झाली नव्हती ती त्या चार दिवसांत झाली. चौथ्या दिवशी सकाळी अर्ध्या हँडलला इंजिन लागलं आणि असं लयीत चालायला लागलं, की न्हावी वस्तरा हातात घेऊन बघायला आला. काकी दांड्यावर होत्या. त्या खाली उतरल्या, पण भंगाराचं काही बोलल्या नाहीत.

त्याच दुपारी आप्पा सांगलीहून रेल्वेनं आले. दुकान टाकून ते गावाबाहेर गेल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आल्या आल्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “काय करायलाय ओ हवालदार? ही गाडी गेली तर माझा एक रांजण तसाच राहणार. दुसरं गिऱ्हाईक नाही त्याला.”

“मग काय करू?”

“काही करू नका की. नुसता ब्रश काढून खिशात टाका. लवंगेएवढी वस्तू. ज्यानं गाडी बनवली तो स्वतः आला तरी चालू व्हायची नाही. अन् मग म्हणा, बंद आहे.”

काकी तेव्हाच चहा घेऊन दारात आल्या होत्या. हवालदारांनी कप घेऊन खाली ठेवला. मग बोलले ते आप्पांशी, पण हळू.

“बसऱ्याला माझी लॉरी वाटंत थांबली हुती. मागं सगळी पल्टन खोळंबली. सायबानं इचारलं, चालू का बंद? म्या म्हनलो, बंद साब. धा मानसं आली, त्यांनी लॉरी रस्त्याच्या खाली ढकलली अन् फुडं गेली. लढाईत तसंच करत्यात. नुसता तेलाच्या नळीत कचरा हुता, आप्पा. म्या फुकून काढला असता. पन म्या तोंडानं बंद म्हनलो. तवा ती तितंच वाळूत ऱ्हायली.” त्यांनी कप परत उचलला. “फौजंला देतो. चालती देतो. पन बंद म्हननार न्हाई.”

 आप्पांनी चहा संपवला, जाताना ब्रशांची एक नवी जोडी हवालदारांच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. मला त्या माणसाविषयी तेव्हा फार आपुलकी वाटली. काकी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला जमादार आला. मेढ्याकडचा होता, वयानं तिशीतला. हवालदारांची खाकी आणि छातीवरची पदकं बघून त्यानं आधी सलाम ठोकला आणि मग वही काढली. मोटार दारात उभी होती. धुतलेली, पितळी दिवे चिंचेनं घासलेले. अख्खी आळी जमली होती. घरातून निघताना हवालदारांनी नवीन जोडीची पुडी माझ्यासमोरच जाकिटाच्या खिशात टाकली होती. “परेडला जोडी पायजे,” असं म्हणाले होते.

काकी आत बसल्या. दांडा धरला. हवालदारांनी हँडल मारलं.

काही नाही. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं, चौथ्यांदा मारलं. आदल्या दिवशी अर्ध्या फेऱ्यात उठलेली गाडी ढिम्म. आळीतलं कुणी हसलं नाही. न्हाव्यानं मान खाली घातली.

हवालदारांनी झाकण उघडलं आणि मॅग्नेटोची टोपी काढली. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो, त्यामुळं मलाही दिसलं. ब्रशाची जागा रिकामी होती.

त्यांचा हात सवयीनं जाकिटाच्या खिशात गेला. पुडी तिथंच होती. ब्रश बसवायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्यांनी मान वर केली आणि काचेपलीकडं पाहिलं. काकी चालकाच्या जागी बसल्या होत्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, एक हात दांड्यावर, नजर सरळ पुढं. नेहमी बसत तशाच. 

 खिशातल्या खिशात कागद कुरकुरल्याचा आवाज मी ऐकला. मग हवालदारांनी हात बाहेर काढला. रिकामा. टोपी बसवली, झाकण लावलं, दोन पावलं मागं आले, टाचा जुळवल्या आणि सलाम केला.

“जमादारसाब, गाडी बंद हाय.”

जमादारानं विचारलं, “दुरुस्त व्हईल का?”

हवालदार काकींकडं बघत म्हणाले, “आज न्हाई व्हायची.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. जमादारानं वहीत लिहिलं, सलाम करून तो गेला, आळी पांगली. मला रडू आलं, ते मी खोलीत जाऊन आवरलं. पंचवीस वर्षं कुठल्याच गाडीला न लावलेला शब्द त्या माणसानं चारचौघांत, पदकं लावून, उच्चारला होता. आणि तो मोटारीसाठी नव्हता, एवढं मला कळत होतं.

दुपारी हवालदार मोटार गोठ्यात ढकलत होते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. काकी भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, “काकी, तुम्हीच तर रोज म्हणायचात ना, भंगारात घाला म्हणून?”

“व्हय, म्या म्हननार,” काकी म्हणाल्या. “म्या म्हननार, दुसऱ्या कुनी न्हेयाची न्हाई.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “अन् गाडी गेल्यावर त्यांनी दिवसभर करायचं काय, त्ये सांगा. पाना-पकड घेऊन माझी चूल खोलत बसले असते.”

मग त्या मला जेवायला बसा म्हणाल्या. हवालदार हात धुऊन आले.  वांग्याची भाजी होती. हवालदारांनी दोनदा वाढून घेतली.

जेवण झालं. हवालदारांनी रोजच्यासारखा हात पुढं केला. काकी फडताळापाशी गेल्या, लवंगांचा डबा उघडला, आत बोट घालून जरा शोधलं आणि परत येऊन त्यांच्या तळहातावर दोन काळे दांडे ठेवले. हवालदार तळहात दाराच्या उजेडात घेऊन गेले. दोन्हींकडं नीट बघितलं. एक खिशात टाकला आणि एक तोंडात.

थोडा वेळ चघळून म्हणाले, “ह्या खेपंच्या लवंगा चांगल्या हायत्या.”